वाडा पाहिला, पण वाडा कुठंय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या अंकात राजवाड्यांच्या सहलीतल्या गमती.

प्रश्न : मुलांना शनिवारवाडा दाखवायला नेलं. दिल्ली दरवाज्यातून आत शिरलो, बागेत हिंडलो, तटावरही चढलो. तासाभरानं धाकटी म्हणाली, "बाबा, आता वाडा बघायला चला ना!" आजूबाजूचे सगळे हसले. तिला काय सांगायला हवं होतं? (सोलापूर)

उत्तर : पोरीचं चुकलं कुठे? ती वाडा बघायला आली आणि तिला हिरवळ दाखवली. पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पायाभरणी केलेला हा वाडा २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत गेला. जोती चिंचवडच्या दगडाची, वरचं काम विटांचं आणि जुन्नरच्या जंगलातल्या सागवानाचं. लाकूड जळालं तसे मजले बसले आणि दगड तेवढा उरला. बागेत गुडघाभर उंचीचे जे चौथरे दिसतात आणि ज्यांवर लोक डबे उघडून बसतात, तोच वाडा.

मुलांना न्यायचं तर क्रम उलटा करा. आत शिरल्यावर बागेकडे न वळता आधी तटावर चढा. वरून चौथरे नकाशासारखे दिसतात: कुठे चौक, कुठे दालनांच्या रांगा, कुठे कारंज्याचा हौद. मग खाली उतरून तीच ठिकाणं शोधायला सांगा. खालून सुरुवात केली की सगळे दगड सारखेच वाटतात, आणि पोरं कंटाळतात ती इथेच.

दिल्ली दरवाज्यापाशी मात्र घाई नको. एकेका झडपेवर खिळ्यांच्या नऊ गुणिले आठ अशा ओळी आहेत, म्हणजे ७२ खिळे. एकेक जवळपास फूटभर लांब आणि हत्तीचं गंडस्थळ जिथे आदळेल त्या उंचीवर. उजव्या झडपेतला छोटा दिंडी दरवाजा दाखवा, रोजची ये-जा त्यातूनच. आत गेल्यावर वाट लगेच उजवीकडे आणि मग डावीकडे वळते. दरवाजा फोडून आत आलेल्याला सरळ धावत सुटता येऊ नये, हा त्यातला बेत. वरच्या नगारखान्याचे लाकडी खांब चुकवू नका. जळालेला वाडा कसा दिसत असेल, याचा अंदाज तिथेच येतो.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या जयविलास महालात आमच्या गाइडनं सांगितलं, झुंबरं टांगण्याआधी छतावर दहा हत्ती चढवले होते. शेजारच्या ग्रुपचा गाइड आठ म्हणाला. दोघांची तिथेच जुंपली आणि आम्ही झुंबरं सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो. खरे हत्ती किती? (नाशिक)

उत्तर : हत्तींचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, त्यावर पैज लावू नका. हिशेब मात्र करता येतो. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये उभारलेल्या या महालाच्या दरबार हॉलमध्ये दोन झुंबरं आहेत, प्रत्येकी साधारण साडेतीन टनांची. म्हणजे सात टन. वयात आलेला हत्ती चार टनांच्या आसपास धरला, तर आठ हत्तींचे झाले बत्तीस टन. आठ घ्या नाहीतर दहा, छताची परीक्षा गरजेपेक्षा चौपटीहून जास्तच झाली. त्यात हत्ती चालवले असतील तर आणखी कडक, कारण चालत्या ओझ्याचे हादरे बसतात.

पण गाइडना विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे. हत्तींनी छत तपासलं, कडी कोणी तपासली? छतावरचं ओझं पसरतं, टांगलेल्या झुंबराचं सगळं वजन एकाच जागी येतं. छत भक्कम असूनही कडीभोवतालचा भाग उपटून येऊ शकतो. त्यामुळे कथा खरी धरली, तरी ती अर्धीच परीक्षा.

भोजनगृहातली चांदीची आगगाडी सावकाश बघा. टेबलावरच्या रुळांवरून ती जेवणानंतर मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोर फिरायची. डब्यातली काचेची सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू होई. डब्यांवरची रोमन अक्षरं ओळीनं वाचा, शिंद्यांचं नाव मिळेल. गाडी चालू होईल म्हणून ताटकळत उभं राहण्यात अर्थ नाही, आता ती बघायचीच वस्तू आहे.

प्रश्न : एका महालात महाराजांचं मोठं तैलचित्र होतं. माझे दोन्ही मुलगे "माझ्याकडेच बघतायत" म्हणून भांडले. चौकीदार म्हणाला, ही चित्रकाराची सिद्धी. खरं का? (कराड)

उत्तर : सिद्धी नाही, सपाटपणा. चित्र काढून घेताना महाराज चित्रकाराकडे बघत होते, म्हणून बुबुळं डोळ्यांच्या मधोमध आली. कॅनव्हास सपाट असल्यानं तुम्ही डावीकडे सरकलात तरी बुबुळाची जागा बदलत नाही, म्हणून नजरही बदलत नाही. पुतळ्याचं असं होत नाही, त्याचं नाक मध्ये येतं आणि एक डोळा झाकला जातो.

घरी करून बघा. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीला लावा आणि दोघांना दोन कोपऱ्यांत उभं करा. दोघेही "माझ्याकडे" म्हणतील. मग बाजूला बघणाऱ्याचा फोटो लावा, तो कुठूनही कोणाकडेच बघणार नाही. चित्रातल्या मोजड्यांची टोकं आपल्याकडे वळतात म्हणतात, तेही याच कारणानं. भांडणारे दोघेही बरोबर होते, तेव्हा रागवायचं असेल तर चौकीदारावर रागवा.

प्रश्न : जयपूरला हवामहलासमोर अर्धा तास दरवाजा शोधला. पानवाला म्हणाला, "यह तो पीछा है!" म्हणजे आम्ही पाठ बघत होतो? (अकोला)

उत्तर : हो, जगभर छापली जाते ती पाठच. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये हा पाच मजली पडदा बांधला तो राणीवशातल्या बायकांना बाजार दिसावा आणि बाजाराला त्या दिसू नयेत म्हणून. रस्त्याच्या बाजूनं दरवाजा ठेवला असता तर ९५३ खिडक्यांच्या जाळीला अर्थच उरला नसता. आत जायचं ते मागून, सिटी पॅलेसच्या अंगानं. वर चढायला मुख्यतः उतार आहेत, गुडघेदुखीवाल्यांना ते पायऱ्यांपेक्षा बरे, पण उतरताना सपाता घसरतात. वरचे तीन मजले जेमतेम एका खोलीच्या जाडीचे. गर्दीत तिथे दोन माणसं समोरासमोर आली की एकानं मागे जायचं, म्हणून उघडल्या उघडल्या जा. फोटोसाठीही सकाळच बरी, बाजाराकडची बाजू पूर्वेला असल्यानं दुपारनंतर तिच्यावर सावली पडते.