वाचकांचे प्रश्न : नॅसवरील सामाईक फोल्डर आणि मराठी नावांच्या फाइली

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयातील नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवण यंत्रावरचा) सामाईक फोल्डर आजवर सर्वांना पासवर्डशिवाय उघडता येत असे. नव्याने घेतलेल्या, विंडोज ११ प्रो असलेल्या दोन संगणकांवर मात्र संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो. आम्ही असे कोणतेही धोरण ठरवलेले नाही. एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइली उघडण्याच्या एसएमबी पद्धतीची जुनी आवृत्ती) सुरू करावे, असे आमचे तंत्रज्ञ सुचवतात. ते योग्य ठरेल काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : योग्य ठरणार नाही, आणि त्याने तुमची अडचण सुटणारही नाही. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये दोन गोष्टी बदलल्या : पासवर्ड नसलेला ‘गेस्ट’ प्रवेश बंद झाला आणि संगणक आणि नॅस यांच्यातील प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीची झाली. ही सही करण्यासाठी लागणारी किल्ली पासवर्डच्या पडताळणीतून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसल्यामुळे त्याच्याकडे किल्ली नसते आणि सहीही होत नाही. संदेशातील ‘संस्था’ हा शब्द मनावर घेऊ नका, तो घरच्या संगणकावरही तसाच येतो. होम आवृत्तीत ही सक्ती नसल्याने कुणाच्या तरी लॅपटॉपवर तोच फोल्डर सहज उघडतो आणि संशय उगाच केबलवर किंवा राउटरवर जातो.

कायमचा उपाय नॅसवरच करावा. प्रत्येक कर्मचाऱ्याचे पासवर्डसह स्वतंत्र खाते उघडा आणि ती नाव-पासवर्डाची जोडी त्याच्या संगणकावरील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजच्या पासवर्ड साठवण्याच्या जागेत) नॅसच्या पत्त्यासह नोंदवा. ही नोंद राहून गेली तर विंडोज आपल्याच खात्याचे नाव पुढे करते, ते नाव अनोळखी म्हणून अनेक नॅस त्याला गेस्ट समजतात आणि खाती उघडूनही जुनाच संदेश येत राहतो. नोंद केल्यावर एकदा साइन आउट करून पुन्हा साइन इन व्हा, म्हणजे आधीची अर्धवट जोडणी तुटेल. विंडोजचा पिन इथे चालत नाही, नॅसच्या खात्याचाच पासवर्ड द्यावा लागतो.

सही पेलू न शकणारा जुना नॅस असेल, तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे विंडोजच्या धोरणविषयक सेटिंगमधून, सहीची सक्ती काढता येते. गेस्ट प्रवेशच हवा असेल, तर त्याची परवानगीही वेगळी द्यावी लागते. हे फक्त गरजेच्या संगणकांवर आणि नवा नॅस येईपर्यंतच करावे. एसएमबी१ला मात्र हात लावू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने विंडोजच्या एसएमबी१मधील त्रुटीचाच वापर केला होता, आणि तोही ती बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झालेली असताना. एखाद्या जुन्या स्कॅनरला एसएमबी१खेरीज काही कळत नसेल, तर त्याच्यासाठी नॅसवर वेगळा फोल्डर करून तिथे एफटीपी या फाइल पाठवण्याच्या वेगळ्या पद्धतीने स्कॅन पाठवावेत.

प्रश्न : आमच्या वाचनालयातील स्कॅन केलेल्या अंकांच्या फाइलींना आम्ही सविस्तर मराठी नावे दिली आहेत. संगणकावर ती चालतात, पण नॅसवर ‘नाव फार लांब’ म्हणून काही फाइली अडतात आणि एनक्रिप्ट केलेल्या (सांकेतिक रूपात साठवलेल्या) फोल्डरमध्ये तर बऱ्याच अडतात. – एक वाचक, मडगाव

उत्तर : विंडोज फाइलच्या नावात २५५ चिन्हे मोजते, तर नॅसमधील लिनक्स ही कार्यप्रणाली २५५ बाइट (साठवणुकीची एकके) मोजते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे नॅसवर जेमतेम ८५ चिन्हे मावतात. शिवाय काना, वेलांटी, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यात ६ चिन्हे आणि १८ बाइट आहेत. ईक्रिप्टएफएस पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्ये ही मर्यादा १४३ बाइटांवर, म्हणजे सुमारे ४७ चिन्हांवर येते. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवरील डीएसएम या प्रणालीत ७.२ आवृत्तीपासून पूर्ण व्हॉल्यूम (साठवणुकीचा अख्खा भाग) एनक्रिप्ट करण्याची सोय आहे. तिथे ही दुसरी अडचण येत नाही.

मासिकाचे नाव आणि वर्ष यांचे फोल्डर करावेत आणि फाइलच्या नावात फक्त महिना व विषय ठेवावा, कारण लिनक्सची मर्यादा प्रत्येक फोल्डरच्या नावाला वेगळी लागू होते. मात्र फार खोल जाऊ नये, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्राम संपूर्ण मार्गासाठी २६० चिन्हांवर अडतात. वर्ष इंग्रजी अंकांत लिहिल्यास १२ बाइटांऐवजी ४ लागतात.

प्रश्न : एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावाच्या दोन फाइली दिसतात. हे कसे शक्य आहे? – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकलिखित होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत, आणि म्हणूनच एका पद्धतीने शोधलेली फाइल कधी कधी सापडतही नाही. कोणती फाइल अद्ययावत आहे ते बदलाच्या तारखेवरून आणि उघडून तपासा, दुसरीचे नाव बदलून ती बाजूला ठेवा आणि शाळेत सर्वांनी एकच कीबोर्ड वापरावा असे ठरवा.