जुन्या सेस्नाला एडीएस-बी: अनुदान बघून कोणतं घ्यावं?

प्रश्न : मेलबर्नच्या मूरॅबिन विमानतळावर आम्हा दोघा मित्रांचं एक जुनं सेस्ना १७२ हे छोटं विमान आहे. आम्ही फक्त व्हीएफआर, म्हणजे चांगल्या हवेत बाहेर बघून उडतो. एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा आपोआप रेडिओवरून कळवत राहणारं यंत्र, घेतलं तर ऑस्ट्रेलियाचं सरकार निम्मा खर्च देतं. मित्र म्हणतो, पैसे मिळतायत तर पॅनेलमध्ये भारीतलं बसवू. मला काचेला चिकटवायचं छोटं यंत्र पुरेसं वाटतं. बायकोला मात्र काळजी, की आपण कुठे गेलो ते सगळ्यांना दिसणार.

उत्तर : निम्मा खर्च मिळतो, पण जास्तीत जास्त ५,००० डॉलर. पॅनेलचं काम १२,०००वर गेलं तर उरलेले सात हजार तुम्हा दोघांच्याच खिशातून जाणार. २०२२ मध्ये सुरू झालेली ही योजना तुमच्यासारख्या व्हीएफआरवाल्यांसाठीच आहे. आयएफआर, म्हणजे बाहेरचं न दिसताही उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांना एडीएस-बी २०१७ पासून सक्तीचं आहे. अर्जाची मुदत आणि अटी यंत्र घेण्याआधी वाचा.

पण मी किमतीपेक्षा वेगळंच विचारेन : यंत्र नुसतं तुमची जागा कळवणारं आहे, की दुसऱ्याची तुम्हाला दाखवणारंही?

१९ फेब्रुवारी २०२० रोजी मेलबर्नच्या उत्तरेला मँगलोर इथे दोन प्रशिक्षण विमानं हवेत धडकली. चार जण गेले. दोन्ही विमानं एडीएस-बीवरून आपली जागा कळवत होती. समोरच्याची जागा कॉकपिटमध्ये दाखवणारी सोय मात्र एकातही नव्हती. ही बातमी आठवली की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

मी स्वतः कॅरम या जवळच्या उपनगरावरून मूरॅबिनला परतताना एकदा रेडिओवर दुसऱ्या वैमानिकाची जागा नीट ऐकली होती. तरी मी डावीकडे शोधत राहिले आणि ते पांढरं विमान उजवीकडून, माझ्या खालून गेलं. त्यानंतर काचेला चिकटवायचं यंत्र घेतलं. ते सिग्नल पाठवतं आणि घेतंही. आसपासची विमानं टॅब्लेटवर दिसतात. तुम्हालाही मी तेच सुचवेन. त्यात तुमच्या विमानाची ओळख सांगणारा २४ बिटांचा कोड बरोबर भरा आणि यंत्र लावायची जागा नीट निवडा, कारण त्याची ताकद कमी असते आणि इंजिन, पंख, शरीर यांच्याआड सिग्नल अडतो. पुढे आयएफआर करायचा विचार असेल तर मित्राचं बरोबर. हे छोटं यंत्र तिथे चालत नाही.

ज्यांच्याकडे एडीएस-बी नाही ते तुमच्या पडद्यावर उमटणार नाहीत. म्हणून नजर बाहेरच हवी.

वहिनींची शंका खरी आहे. हा सिग्नल उघडा असतो, साध्या रिसीव्हरवरही पकडता येतो. पण कॅरमला माझ्या खालून गेलेल्या त्या माणसाने मला आधी पाहिलं असतं तर मला हवंच होतं. त्यांना एकदा शेजारच्या सीटवर बसवून तो टॅब्लेट दाखवा.