लेखकाचं बोट धरून सिनेमा शोधा

नेरूळच्या सोसायटीत तुम्ही शनिवारी रात्री आठ-दहा घरं मिळून क्लब हाउसच्या भिंतीवर सिनेमा बघता, हे वाचून बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं की 'सैराट', 'कोर्ट', 'किल्ला', 'श्वास' झाले, 'सामना' आणि 'सिंहासन' तर संवादांसकट पाठ झाले, तर आता फारसे कुणी न पाहिलेले, पण बघायलाच हवेत असे सिनेमे सुचवा. इतरांनी भरपूर नावं दिलीच आहेत. त्यातलं एकही वाईट नाही. पण लांबलचक यादीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पहिले दोन बघून होतात, उरलेली फोनमध्ये पडून राहते. म्हणून मी यादी देत नाही, शोधायची रीत सांगते.

दिग्दर्शक, नट, तारांकनं हे सगळं बाजूला ठेवा आणि तुमच्या आवडत्या मराठी लेखकाच्या नावाने सिनेमा शोधा. दळवी, खानोलकर, एलकुंचवार, मोकाशी, जी. ए. कुलकर्णी, व्यंकटेश माडगूळकर, कुणीही.

यामागे कारण आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत नाटकवाली बरीच मंडळी सिनेमाकडे वळली ती सोबत आपली नाटकं-कादंबऱ्या घेऊन. पैसा कधी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा, कधी दूरदर्शनचा, कधी इकडून-तिकडून जमवलेला. तेवढ्या पैशात मराठीपुरता सिनेमा परवडेना म्हणून अनेकांनी तो हिंदीत केला. तिथेच घोळ झाला. हिंदीत आहे म्हणून आपण त्याला मराठी सिनेमांत धरत नाही, आणि हिंदीवाल्यांना त्यामागचं नाटक माहीत नसतं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तसे हे सिनेमे राहिले. आपण वाचणारी माणसं असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोचायची वाट आपल्याच कपाटातून जाते.

सुरुवात 'अनकही'ने करा. १९८५ चा, अमोल पालेकरांचा. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावरून केलेला. वडील ज्योतिषी, त्यांचं भाकीत कधी चुकत नाही. ते स्वतःच्या मुलाबद्दल सांगतात की त्याची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलाचं प्रेम एकीवर. मग तो काय करतो? पहिली म्हणून दुसऱ्याच एका मुलीशी लग्न लावतो, जी गेली तरी त्याचं काही बिघडणार नाही अशी. इथून पुढचं सांगणार नाही. ज्योतिषी झालेत डॉ. लागू, आणि विवेकवादी लागूंना त्या भूमिकेत बघण्यात एक वेगळीच गंमत आहे. ते इतक्या शांतपणे भाकीत सांगतात की आपणही घाबरतो. दीप्ती नवल त्या बळी जाणाऱ्या मुलीच्या भूमिकेत आहे. सबंध सिनेमात तिच्याशी सरळ बोलायला कुणाला वेळ नाही, हे हळूहळू लक्षात येतं.

आणि संगीत! जयदेव. भीमसेन जोशींनी यात 'रघुवर तुमको मेरी लाज' गायलंय. या सिनेमासाठी दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जयदेवना संगीत दिग्दर्शनाचा आणि भीमसेनजींना पार्श्वगायनाचा. ते भजन आपल्याकडे घराघरांत ऐकलं जातं, पण ते कुठल्या सिनेमातलं असं विचारलं तर दहातले नऊ जण एकमेकांकडे बघतात. आशाबाईंचं 'कौनो ठगवा नगरिया लूटल हो' पण यातलंच. तुमच्या गटात एखादे तरी गाणं शिकणारे असतील, त्यांना आधी सांगू नका.

दुसरा 'रावसाहेब', ऐंशीच्या दशकाच्या मध्यातला, विजया मेहतांचा. जयवंत दळवींची 'अंधाराच्या पारंब्या' ही कादंबरी, तिच्यावरून त्यांनीच लिहिलेलं 'बॅरिस्टर' नाटक, आणि त्यावरून हा हिंदी सिनेमा. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, मोठा वाडा, घरात केशवपन केलेली मावशी, आणि भाडेकरू म्हणून आलेलं एक तरुण जोडपं. त्यातला नवरा जातो. आतापर्यंत सुधारणेच्या गप्पा मारणाऱ्या माणसावर आता स्वतः काही करायची वेळ येते. अनुपम खेर रावसाहेब, तन्वी आझमी ती तरुण विधवा, आणि मावशी खुद्द विजयाबाई. मावशीच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

हा सिनेमा आम्ही नौपाड्यात आमच्या गटात लावला तेव्हा त्यावरचं भांडण जिन्यापर्यंत चाललं. ठाण्यात नाटकवेड्यांची कमी नाही. 'बॅरिस्टर' रंगमंचावर पाहिलेले दोघे ज्येष्ठ होते, त्यांच्या मते नाटकातल्या विक्रम गोखलेंपुढे खेर उणे पडतात. मला तसं वाटत नाही. नाटकात बॅरिस्टर भव्य वाटायचा, म्हणून त्याची हार शोकांतिका वाटायची. खेरांचा रावसाहेब आधीपासूनच जरा पोकळ आहे. बोलतो छान, पण हात पुढे करत नाही. असली माणसं आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भेटतात. म्हणून तो सिनेमा जुना होत नाही. तरण्या मुलींनी मात्र भांडणाचा रोख भलतीकडेच नेला. त्यांचं म्हणणं, या गोष्टीत सगळ्यांत पुढारलेली कोण असेल तर ती मावशी. बघा आणि तुमच्यात काय ठरतं ते ठरवा.

एलकुंचवारांच्या वाटेने गेलात तर दोन सिनेमे भेटतात, दोन्ही १९८४ चे. गोविंद निहलानींचा 'पार्टी' आणि केतन मेहतांचा 'होली'. 'पार्टी'त एका साहित्यिकाला पुरस्कार मिळालाय आणि एका श्रीमंत बाईंच्या घरी त्याचा सत्कार चाललाय. एक संध्याकाळ, एक घर, हातात ग्लास घेतलेले लेखक-कवी-नट, आणि जो तिथे आलेलाच नाही त्या कवीबद्दलची कुजबुज. मराठी साहित्यव्यवहार थोडा जरी जवळून पाहिला असेल तर अधूनमधून हसू आवरणार नाही, शेवटी मात्र हसू येत नाही. रोहिणी हट्टंगडींना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार होता. 'होली' तरुण मुलांसाठी ठेवा: कॉलेजचं वसतिगृह, एकच दिवस, लांबच लांब शॉट, आणि थट्टेतून सुरू झालेलं प्रकरण कुठल्या कुठे जातं. यात कोवळा आमीर खान आणि कोवळा आशुतोष गोवारीकर दिसतात.

गोवारीकरांवरून आठवलं. २०२४ साली मानवत हत्याकांडावर वेबमालिका आली, त्यात ते तपास अधिकारी होते, आणि सगळ्यांनी ती एका बैठकीत संपवली. परभणी जिल्ह्यातल्या त्याच प्रकरणावर १९८१ सालीच एक सिनेमा होऊन गेलाय हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 'आक्रित', लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शक म्हणून पालेकरांचा पहिला. आपण पालेकरांना बसच्या रांगेत उभा असलेला भिडस्त नायक म्हणून ओळखतो, इथे त्यांनी स्वतः खलपुरुष रंगवलाय. तपासाची चुरस यात शोधू नका. गुप्तधन आणि मूल यांच्या हव्यासापायी माणसं किती थंडपणे कोवळ्या मुलींचा जीव घेतात, एवढंच तो दाखवतो आणि आवाज चढवत नाही. लहान मुलं समोर असताना अजिबात लावू नका.

लेखकाच्या नावाने शोधायला निघालं की पालेकर पुनःपुन्हा भेटतात, हेही एव्हाना लक्षात आलं असेल. माडगूळकरांची 'बनगरवाडी' त्यांनीच १९९५ मध्ये पडद्यावर आणली, जी. एं.ची 'कैरी'ही त्यांचीच. 'बनगरवाडी' पुस्तकाच्या प्रेमात असलेल्यांना सिनेमा थोडा सावकाश वाटतो आणि ते खरंही आहे. पण औंध संस्थानातली ती माळरानावरची धनगरवस्ती, गावाने मिळून बांधलेली तालीम, आणि मग पाऊस न पडल्यामुळे एकेक करून उठून जाणारी घरं, हे बघताना पुस्तकातली शांतता पडद्यावर उतरल्यासारखी वाटते. 'कैरी' मला थोडी अलंकारिक वाटली. जी. एं.च्या वाक्यांत जो विखार असतो तो चित्रात गोडसर झालाय. तरी ज्यांनी ती कथा वाचलेली नाही त्यांना आवडेल.

पु. लं.चं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे बैठक पुरी होत नाही, तर त्यांचाही एक आहे. 'एक होता विदूषक', १९९२, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. 'गुळाचा गणपती'नंतर सिनेमापासून लांब राहिलेल्या पु. लं.नी इतक्या वर्षांनी पटकथा लिहिली, आणि नायक कोण तर लक्ष्मीकांत बेर्डे. त्या काळात बेर्डे म्हणजे हशा आणि शिट्ट्या. लोक हसायला गेले आणि समोर आला तमाशातला सोंगाड्या, जो सिनेमात गेला, राजकारणाच्या जवळ गेला, आणि ज्याची स्वतःची मुलगीच हसत नाही. माझं ठाम मत आहे की हा सिनेमा त्यातल्या उणिवांमुळे पडला नाही, पोस्टरवरच्या चेहऱ्यामुळे पडला. लांबी जास्त आहे, राजकारणाचा भाग मध्येच पातळ होतो, ते मान्य. पण बेर्डेंच्या डोळ्यांत जे दिसतं ते त्यांना नंतर कुणी फारसं करू दिलं नाही. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. लावण्यांच्या नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तमाशाच्या फडातल्या कलावंताला असा मान मिळावा याचं मला त्या सिनेमाइतकंच अप्रूप आहे.

अलीकडचा म्हणाल तर 'दिठी'. दि. बा. मोकाशींची 'आता अमोद सुनासि आले' ही कथा, दिग्दर्शन सुमित्रा भावेंचं. हा त्यांचा शेवटचा सिनेमा. त्या २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या आणि महिन्याभराने तो थेट घरच्या पडद्यावर आला, तोही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन धामधुमीत. कुणाचं लक्ष असणार? गावातला रामजी लोहार, वर्षानुवर्षं वारी करणारा, त्याचा तरुण मुलगा पुरात गेलाय. देवावरचाच विश्वास उडालेला. बाहेर धो धो पाऊस, आणि शेजारी एक गाय अडलीय, ती सोडवायचं कसब रामजीच्या हातात आहे. गोष्ट एवढीच. किशोर कदमांनी रामजी केलाय, भोवती दिलीप प्रभावळकर आणि मोहन आगाशे. कथा आधी वाचून मग सिनेमा बघितला तरी काही बिघडत नाही, उलट आपल्याला शेवट ठाऊक असूनही श्वास रोखला जातो.

माझ्या रीतीत न बसणारे दोन सांगते, कारण ते न सांगणं हा अन्याय होईल. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). विदर्भ, शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केलीय, आणि बायकोने धसका घेतलाय की आपला नवराही तेच करेल. मग ती मुलाला आणि सासूला त्याच्या मागावर ठेवते. या विषयावर कुणी हसवेल असं वाटलं नव्हतं. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या संसारातली ती चोरटी पाळत बघताना हसू येतं आणि लगेच स्वतःची लाज वाटते. दुसरा उमेश कुलकर्णींचा 'विहीर', त्याबद्दल काहीच वाचू नका, फक्त बघा. आणि झोप आलेली असताना नको.

आता थोडं व्यवहाराचं. यातले जुने सिनेमे चौकोनी पडद्याचे आहेत. आजचे टीव्ही आणि प्रोजेक्टर ते ओढून रुंद करतात आणि डॉ. लागू ठेंगणे दिसू लागतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार मूळ ठेवा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते तीही बंद करा, नाहीतर 'बनगरवाडी' मालिकेसारखी दिसेल. जुन्या प्रतींचा आवाज कमजोर असतो, म्हणून प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर पुरणार नाही, वेगळा लावा. नेरूळला तुमच्यात तमिळ-बंगाली शेजारी असणारच, त्यांच्यासाठी हिंदीतले तीन-चार आधी घ्या म्हणजे उपशीर्षकांवाचून अडणार नाही.

पुस्तकांसाठी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला या. आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, दळवी-खानोलकर तिथे मागायला संकोच नको. आम्ही आठवडाभर आधी पुस्तक फिरवतो आणि मग सिनेमा लावतो. दर वेळी सगळ्यांचं वाचून होत नाही, पण एकाने जरी वाचलेलं असलं तरी चर्चेला धार येते.

पहिल्या शनिवारी 'अनकही', दुसऱ्या शनिवारी 'रावसाहेब' असं धरा. 'आक्रित' निदान महिनाभर तरी लांब ठेवा, गट टिकू दे आधी.