बोका साडेसात किलोचा झालाय, कपाटावर उडी मारायची सोडली आणि मागच्या पायाने लंगडतो, वजनामुळे गुडघा गेला असेल का? (सांगली)

हो, बऱ्यापैकी शक्यता आहे, आपला देशी बोका साधारण ४-५ किलोचा असतो, त्यामुळे साडेसात म्हणजे सांध्यांवर जादा भार, त्यात संधिवात, गुडघ्याचं लिगामेंट फाटणं किंवा वाटी सरकणं हे तिन्ही होऊ शकतं. आमच्या बोक्याच्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून हेच समजावलं होतं, मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, ते फक्त उडी मारायचं बंद करतं आणि आपण म्हणतो आळशी झालाय.

वजन हळूहळूच उतरवा, आठवड्याला १ टक्का म्हणजे याच्या बाबतीत ७५ ग्रॅमच्या आसपास, वाटीभर कोरडं खाणं दिवसभर उघडं ठेवायचं बंद करून मोजून द्या, दूध-बिस्किटं तर बंदच. पण उपाशी अजिबात ठेवू नका, जाड मांजराने २-३ दिवस खाल्लं नाही तरी लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं.

आणि घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन चुकूनही देऊ नका!! पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

फक्त एक, लंगडणं वजनामुळेच असेल असं नाही, मार लागलेला किंवा चावा पिकलेलाही असू शकतो, म्हणून आधी दाखवाच. मागचे पाय एकदम लुळे पडून गार लागले तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा सकाळची वाट बघू नका.