वाचकांचे प्रश्न : शाळेने थेरपीची मिनिटे कमी केली, आता काय?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑटिझम असलेला आमचा मुलगा सरकारी शाळेत दुसरीत आहे. त्याच्या आयईपीमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली वैयक्तिक शिक्षण योजना) स्पीच थेरपी आठवड्याला 60 मिनिटे आहे, ती 30 करणार अशी लेखी नोटीस आली. वकील परवडणार नाही. मध्यस्थी मागितली तर शाळा आकस धरेल का?
– एक पालक

उत्तर : आधी नोटिशीवरची तारीख पाहा. सुट्ट्या धरून 15 दिवसांत मध्यस्थी किंवा न्यायाधीशासमोरची सुनावणी मागितली नाही, तर शाळा हा बदल लागू करू शकते. मुदतीत मागितलीत, तर तोडगा निघेपर्यंत 60 मिनिटेच चालू राहतात. शिक्षकांना फोन केल्याने किंवा ईमेलवर नाराजी कळवल्याने मुदत थांबत नाही, आणि नेमके इथेच पालक अडकतात. अर्ज राज्याच्या शिक्षण विभागाकडे करायचा, प्रत डिस्ट्रिक्टला (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) द्यायची.

मध्यस्थाचा खर्च राज्य उचलते. तो निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना तोडग्यापर्यंत नेतो. डिस्ट्रिक्ट मध्यस्थीला नकार देऊ शकतो. तसे झाले तर लगेच सुनावणीचा अर्ज करा. आकसाची भीती समजते, पण सुनावणीपेक्षा इथे कटुता बरीच कमी असते. बैठकीतले बोलणे गोपनीय राहते, पुढे सुनावणीत पुरावा म्हणून वापरता येत नाही. तुम्ही जाणकार व्यक्तीला सोबत नेऊ शकता. ‘स्पॅन’ ही राज्यातली पालकांची संस्था विनामूल्य मार्गदर्शन करते.

जाताना प्रगती अहवाल आणि थेरपिस्टच्या नोंदी न्या. एकच प्रश्न धरून ठेवा : कोणत्या नोंदींच्या आधारे वेळ निम्मी केली? ‘थेरपिस्ट कमी आहेत’ हे उत्तर मान्य करू नका, कारण मिनिटे मुलाच्या गरजेवरून ठरतात. डिस्ट्रिक्टतर्फे सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती येणार आहे ना, हेही आधीच विचारा.

सगळ्यात जास्त काळजी करारनाम्याची घ्या. तो कायद्याने बंधनकारक असतो, न्यायालयात बजावता येतो. सुनावणीआधी पालक आणि डिस्ट्रिक्ट यांच्यात तोडग्यासाठी होणाऱ्या ‘रिझोल्यूशन’ बैठकीतल्या करारातून कामकाजाच्या 3 दिवसांत माघार घेता येते; मध्यस्थीच्या कराराला संघीय कायद्यात तशी सवलत नाही. म्हणून ‘पुरेशी थेरपी दिली जाईल’ अशा वाक्यावर सही करू नका. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, एकट्याला की गटात, कोणत्या तारखेपासून, बुडालेली सत्रे कधीपर्यंत भरून देणार आणि आयईपी कोणत्या तारखेला दुरुस्त होणार, हे सगळे त्यात लिहून घ्या.