'वीरगळ' की 'उभी शिळा'?

प्रश्न असा आहे. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या डार्टमूरवर मेरिव्हेल इथे प्रागैतिहासिक दगडांचे वर्तुळ आहे आणि त्याच्याजवळ एक उंच दगड एकटाच उभा आहे. त्यावरचा लेख मराठीत आणताना 'स्टँडिंग स्टोन'ला वीरगळ आणि 'मूर'ला माळरान म्हटले तर चालेल का?

वीरगळ नकोच. त्यातला 'गळ' कन्नड 'कल्लु'वरून, म्हणजे दगड या अर्थाने आला आहे. वीरगळ म्हणजे वीराचा दगड. त्यावर पट कोरलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे: लढाई, वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. मेरिव्हेलचा ग्रॅनाइटचा दगड सुमारे तीन मीटर उंच आहे, पण पूर्ण कोरा. वीरगळ हा शब्द वाचताच मराठी वाचकाला रणात पडलेला माणूस दिसणार, आणि त्या दगडाशी अशा कुणाचा संबंध जोडायला काहीच आधार नाही. 'शिलास्तंभ'ही मला पटत नाही. स्तंभ म्हणजे घडवलेला खांब, आणि हा दगड अनघड आहे.

मी 'उभी शिळा' म्हणेन. नुसती शिळा म्हटली की ती आडवी, पसरलेलीच वाटते, तेव्हा 'उभी' गाळू नये. अभ्यासकांचा 'मेनहिर' हा शब्द फ्रान्समधल्या ब्रेटन या केल्टिक भाषेतला: 'मेन' म्हणजे दगड, 'हिर' म्हणजे लांब. डार्टमूरवर अशा दगडांना 'लाँगस्टोन' म्हणतात, तोही तोच अर्थ. तिथल्याच 'बेअरडाउन मॅन' या उभ्या शिळेच्या नावातला 'मॅन' हा दगडवाचक केल्टिक शब्दच मानतात, त्यामुळे भाषांतरात त्याचा माणूस करू नये.

वर्तुळाच्या बाबतीत खरी काळजी घ्यायला हवी. 'शिलावर्तुळ' हा शब्द मराठीत रुळला आहे तो विदर्भामुळे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिलावर्तुळे लोहयुगातली दफने आहेत: मोठ्या धोंड्यांचा घेर, आत माती-गोट्यांचा भराव, त्याखाली मृताबरोबर ठेवलेली भांडी, लोखंडी हत्यारे, कुठे घोड्याचा साज. मेरिव्हेलचे वर्तुळ त्याहून बरेच जुने, कांस्ययुगातले. त्याचे दगड बुटके आहेत, एकमेकांपासून सुटे उभे आहेत आणि मधली जागा मोकळी आहे. विदर्भाशी तुलना करायचीच तर ती ब्रिटनमधल्या दफनाच्या दगडी ढिगांभोवतीच्या दगडांच्या घेराशी करावी. शब्द शिलावर्तुळ हाच ठेवा, पण पहिल्याच उल्लेखात 'मध्ये मोकळी जागा असलेले' एवढे जोडा, नाहीतर नागपूरकडचा वाचक ते थडगेच समजेल.

मेरिव्हेलला 'हट सर्कल'ही आहेत. ते शिलावर्तुळ नव्हे, ते राहत्या घरांचे अवशेष. यासाठी आपल्याकडे 'जोते' हा नेमका शब्द असताना 'झोपडी-वर्तुळ' कशाला? 'घरांची गोल जोती' लिहा. दगडांच्या लांब दुहेरी ओळी आहेत, त्यांना 'शिळांच्या जोडरांगा' पुरे.

राहिला मूर. माळरान म्हटले की आपल्याला कोरडी, उन्हाने तापलेली, कुसळांची जमीन दिसते. डार्टमूर मोकळे आणि उंचावर आहे खरे, पण तिथे पाऊस भरपूर, जमीन आम्लधर्मी, आणि कुजलेल्या वनस्पतींचा पीटचा थर पाणी धरून ठेवतो. काही ठिकाणी पाय रुतेल अशी दलदल असते. कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, पावसाळ्यात थोडा जवळ येतो, पण दिवाळीनंतर तो खडखडीत कोरडा पडतो. शिवाय नुसते 'मूर' लिहिले तर मध्ययुगीन स्पेनमधले मुस्लिम, म्हणजे मूर लोक, आठवण्याचा धोका आहे. म्हणून डार्टमूर हे विशेषनाम तसेच ठेवून पुढे 'उंचावरचा ओला माळ' असे लिहावे. 'डार्टमूरच्या ओल्या माळावर एक उभी शिळा आहे' हे वाक्य मला मराठी वाटते.