पुठ्ठ्याचा हात आणि प्रकाशामागे धावणारी गाडी

प्रश्न : मी परळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आम्ही रोबोटिक्सचे दोन दिवसांचे शिबिर घेतले. पुस्तिकेबरहुकूम मुलांनी तयार संच जोडले, गाड्या चालल्या, टाळ्याही झाल्या. मात्र नंतर एकाही मुलाने त्याविषयी काही विचारले नाही. आता संच परत गेले आहेत आणि खर्चालाही फारसा वाव नाही. मुलांना खरी गोडी लागावी यासाठी काय करता येईल?

उत्तर : मुलांनी विचारले नाही, कारण बहुधा विचारण्याजोगे काही उरलेच नव्हते. प्रत्येक स्क्रूची जागा आधीच ठरलेली असली की हातांना काम मिळते, डोक्याला मिळत नाही. त्यामुळे संच परत गेल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही.

सुरुवात पुठ्ठ्याच्या हातापासून करावी. औषधांच्या दुकानातून सुईविना सिरिंज आणाव्यात, त्यांवर घट्ट बसणारी बारीक प्लास्टिकची नळी घ्यावी आणि किराणा दुकानातली रिकामी खोकी मागून घ्यावीत. नळीने जोडलेल्या दोन सिरिंजपैकी एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर सरकतो आणि पुठ्ठ्याचे कोपर वाकते. पहिल्या दिवशी मात्र सिरिंजमध्ये पाणी भरू देऊ नये. हवा दाबली जात असल्यामुळे तो हात उशिरा, झटक्याने हलतो आणि खोडरबर उचलतानाही थरथरतो. मुले पुरेशी वैतागली की पाणी द्यावे. त्यानंतर 10 मिलिलिटरची सिरिंज 5 मिलिलिटरच्या सिरिंजला जोडू द्यावी : मोठीचा दट्ट्या थोडासा दाबला तरी लहानीचा अधिक सरकतो, पण जोर कमी पडतो, लहान सिरिंज दाबली तर नेमके उलटे घडते. पास्कलचा नियम, म्हणजे बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो हे तत्त्व, फळ्यावर यावे ते यानंतर. जेसीबीचा हातही याच तत्त्वावर, पाण्याऐवजी तेलाच्या दाबाने चालतो, आणि मुंबईत रस्ता खणणारा जेसीबी दाखवण्यासाठी मुलांना फार लांब न्यावे लागणार नाही.

हा हात म्हणजे रोबो नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगावे, कारण त्याला भोवतालचे काहीच कळत नाही. म्हणून दुसरी कृती प्रकाशाकडे वळणाऱ्या गाडीची. दोन छोट्या मोटारी, दोन एलडीआर (प्रकाश पडला की ज्यांचा विद्युत रोध कमी होतो असे सुटे भाग), मोटारींना मिळणारी वीज कमी-जास्त करणारे दोन ट्रान्झिस्टर आणि बॅटरी एवढे साहित्य ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. डावा एलडीआर उजव्या मोटारीचा वेग वाढवील अशी तिरकी जोडणी केली तर गाडी टॉर्चकडे वळते. तारा सरळ जोडल्या तर ती प्रकाशापासून पळते. संगणक नाही, प्रोग्रॅम नाही, तरीही मुले तिला ‘घाबरट’ म्हणू लागतात. मेंदूचे अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रकाशाकडे जाणारी यांत्रिक कासवे बनवली, तीही प्रत्येकी दोन निर्वात नळ्यांच्या (ट्रान्झिस्टरपूर्वी तेच काम करणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या) बळावर, हे तेव्हा सांगावे.

गट चौघांचे असावेत. मुलींच्या हाती वही आणि मुलग्यांच्या हाती पक्कड अशी वाटणी न सांगताच होते, म्हणून दर तासाला कामे बदलावीत. एखादी मोटार उलटी फिरली तर आपण तार बदलून देऊ नये.

गाडी भिंतीपाशी पाच सेकंद थांबून मगच वळावी, अशी मागणी कधीतरी कोणीतरी करील आणि नुसत्या तारांनी ते साधणे अवघड जाईल. अर्डुइनोचा बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवता येणारा छोटा संगणकासारखा बोर्ड, वर्गात आणावा तो त्या दिवशी.